रिकॉम्बिनंट ह्युमन अँटिथ्रॉम्बिन लॅबमध्ये वापरताना: व्हायल उघडण्यापासून रेट कॉन्स्टंट काढेपर्यंत, क्रमाने

ज्यांच्या हातात नुकतीच अँटिथ्रॉम्बिनची छोटीशी व्हायल आली आहे आणि थ्रॉम्बिन किंवा फॅक्टर टेन-ए (दोन्ही रक्त गोठवणारी एन्झाइम, अँटिथ्रॉम्बिन त्यांना रोखतं) सोबत तिचं काम बघायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक जण ॲसे (ॲक्टिव्हिटी मोजण्याचा प्रयोग) चालवायला जातात, पहिलाच ग्राफ वाकडा येतो, आणि मग प्रोटीनच खराब आहे असं ठरवून नवीन व्हायल मागवली जाते. प्रोटीन कधीकधी खरंच खराब असतं, पण जास्त वेळा गडबड ॲसे सुरू व्हायच्या आधीच झालेली असते. व्हायल घाईत उघडलेली असते, प्रोटीन नको तितकं पातळ करून ठेवलेलं असतं, लेबलवरचे मायक्रोग्रॅम म्हणजेच सक्रिय प्रोटीन असं धरलेलं असतं, आणि हेपरिन (अँटिथ्रॉम्बिनचा वेग वाढवणारी साखरेची साखळी) मनाला येईल तेवढं ओतलेलं असतं. यातलं लेबलवर विश्वास ठेवणं सगळ्यात महाग पडतं, म्हणून तो भाग खाली सगळ्यात मोठा आहे.

हे सगळं फक्त संशोधनासाठीच्या मालाबद्दल आहे. रिसर्च ग्रेड व्हायल माणसाला किंवा पेशंटला देण्यासाठी कधीच नसते, प्रश्नच नाही.

## टप्पा १: हातात काय आलंय ते आधी वाचा

अँटिथ्रॉम्बिन म्हणजे ४३२ अमिनो आम्लांचं, साधारण ५८ किलोडाल्टनचं, सर्पिन या प्रोटीएज (प्रोटीन कापणारी एन्झाइम) रोखणाऱ्या कुटुंबातलं प्रोटीन. थ्रॉम्बिन येऊन याचा ३९३ नंबरचा आर्जिनिन आणि ३९४ नंबरचा सेरीन यांच्यातला बंध कापायला जातं आणि तिथेच कायमचं अडकतं. म्हणजे एक रेणू एकदाच वापरला जातो, एन्झाइमसारखं पुन्हा पुन्हा काम करत नाही. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढचं सगळं गणित सोपं जातं.

व्हायलसोबत आलेल्या कागदावर चार गोष्टी शोधा:

१. कोणत्या पेशीत बनवलंय. अँटिथ्रॉम्बिनवर साखरेच्या साखळ्या लागायच्या चार जागा असतात, आणि १३५ नंबरच्या जागेवरची साखळी नसेल तर हेपरिन जास्त घट्ट बसतं. त्यामुळे प्लाझ्मातून काढलेलं आणि रिकॉम्बिनंट यांचे हेपरिनसोबतचे आकडे तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. बॅक्टेरियात बनवलेलं असेल तर साखळ्या अजिबातच नसतात.

२. कॅरियर, म्हणजे आधाराला घातलेलं दुसरं प्रोटीन, आहे का. बीएसए (गायीचं सीरम अल्ब्युमिन) घातलेलं असेल तर २८० नॅनोमीटरवर प्रोटीन मोजायचं विसरा, तुम्ही बीएसएच मोजाल. जेलवर पण तोच जाड पट्टा दिसेल.

३. टॅग (शुद्ध करायला प्रोटीनला जोडलेला छोटा तुकडा) आहे का, कुठल्या टोकाला आहे.

४. पावडर कुठल्या बफरमधून सुकवली आहे. त्यात आधीच मीठ असतं, ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉल असतं, आणि तुम्ही अजून मिठाचं बफर घातलंत की आयनिक स्ट्रेंग्थ (द्रवातल्या एकूण आयनांचं माप) वाढते. हेपरिनच्या प्रयोगात हे लगेच जाणवतं कारण हेपरिनची पकड बरीचशी चार्जवर चालते.

## टप्पा २: बफर आधी, प्रोटीन नंतर

प्रोटीन विरघळवून झाल्यावर बफर बनवायला बसू नका. आदल्या दिवशी बनवा, फिल्टर करा, पीएच ज्या तापमानाला प्रयोग करणार त्याच तापमानाला लावा.

थ्रॉम्बिनच्या कामासाठी मी हे बफर सुचवेन, या क्षेत्रात वर्षानुवर्षं हेच वापरलं जातं: २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.१ मिलिमोलर ईडीटीए, ०.१ टक्के पेग ८००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), पीएच ७.४, तापमान २५ अंश. आयनिक स्ट्रेंग्थ ०.१५ च्या आसपास येते.

यातलं पेग काढून टाकू नका. थ्रॉम्बिन नॅनोमोलर पातळीवर प्लास्टिकला आणि काचेला चिकटतं, मग अँटिथ्रॉम्बिन न घालताही ॲक्टिव्हिटी उतरताना दिसते आणि तुम्ही ती इनहिबिशन समजून बसता. ज्या ट्यूब आणि प्लेट वापरणार त्या पण पेगच्या बफरने एकदा भरून रिकाम्या करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

फॅक्टर टेन-ए सोबत कॅल्शियम लागणार असेल तर फॉस्फेट नको, कॅल्शियम फॉस्फेट खाली बसेल. तेव्हा २० मिलिमोलर हेपीस, १५० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पेग तेवढंच, आणि ईडीटीए अर्थातच नाही.

लक्ष द्या: ट्रिस वापरणार असाल तर थंडीत पीएच चढतो. २५ अंशाला ७.४ लावलेलं ट्रिस फ्रिजमध्ये ८ च्या आसपास जातं. कोल्ड रूममध्ये पीएच लावून बाहेर २५ अंशाला ॲसे करणं ही नेहमीची चूक आहे.

## टप्पा ३: व्हायल उघडणं आणि विरघळवणं

इथे फक्त सबुरी लागते.

१. फ्रीझरमधून काढलेली व्हायल बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड उघडलीत तर हवेतली वाफ आत पावडरवर बसते.

२. उघडायच्या आधी थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करा. पावडर झाकणाला, भिंतीला चिकटलेली असते, डोळ्याला दिसत पण नाही इतकी कमी असते, आणि झाकण उघडताना तीच उडून जाते.

३. कागदावर सांगितलेलाच द्रव घाला. पाणी सांगितलं असेल तर पाणी, बफर सांगितलं असेल तर बफर. आपल्या मनाने बदल नको. भिंतीवरून हळू सोडा.

४. व्हॉर्टेक्स नको, पिपेटने फसफस बुडबुडे पण नकोत. हळूच फिरवा आणि १५ ते २० मिनिटं तसंच ठेवा. फेस म्हणजे हवा आणि पाण्याच्या सीमेवर उलगडलेलं प्रोटीन, ते परत घडी घालत नाही.

५. गढूळ दिसलं किंवा तंतू दिसले तर फिरवून वरचं स्वच्छ द्रव घ्या, आणि कॉन्सन्ट्रेशन परत मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किती द्रव घालायचं? १०० मायक्रोग्रॅमची व्हायल असेल तर ५०० मायक्रोलिटर घातलं की ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, म्हणजे ५८ किलोडाल्टन धरून ३.४५ मायक्रोमोलर. हा स्टॉक चांगला. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली स्टॉक करून ठेवू नका, पातळ प्रोटीनमधला मोठा हिस्सा ट्यूबच्या भिंतीच खातात.

तपासणी: कॅरियर नसेल तर २८० नॅनोमीटरवर वाचा. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अँटिथ्रॉम्बिन १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.६५ च्या जवळ देतं, म्हणजे आपल्या ०.२ च्या स्टॉकला ०.१३ यायला हवं. हा आकडा लहान आहे, ब्लँक नेमक्या त्याच बफरचा घ्या आणि ३२० नॅनोमीटरवर पण बघा, तिथे काही दिसलं तर गाठी झाल्यात.

## टप्पा ४: लगेच एलिकोट

विरघळलं, मोजलं, की त्याच बैठकीत एलिकोटमध्ये, म्हणजे एकेका वापरापुरत्या छोट्या वाट्यांत, वाटून टाका. "आज प्रयोग करून बघतो, उरलेलं उद्या वाटतो" असं म्हणून ठेवलेला स्टॉक मग आठवडाभर फ्रिजमध्ये पडून राहतो.

२५ मायक्रोलिटरचे एलिकोट करा, लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये. एका एलिकोटमध्ये एक पूर्ण प्रयोग बसला पाहिजे, एवढाच हिशोब. प्रत्येकावर नाव, लॉट, कॉन्सन्ट्रेशन, तारीख लिहा. उणे ८० ला ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारे जे फ्रीझर असतात त्यात नको, ते मधूनमधून गरम होतात आणि तुम्हाला कळतही नाही. एकदा वितळलेला एलिकोट परत गोठवायचा नाही, उरला तर टाकून द्या. मन होत नाही, माहितीय, पण अर्धमेल्या एलिकोटवर वाया गेलेला दिवस त्या २५ मायक्रोलिटरपेक्षा महाग आहे.

आणि ३७ अंशाला उगाच ठेवून देऊ नका. अँटिथ्रॉम्बिनची नेहमीची रचना मुळात ताणलेली असते. उष्णता, जास्त वेळ किंवा वाईट साठवण मिळाली की त्याचा बाहेर आलेला लूप स्वतःच आत शिरतो, त्याला लेटंट फॉर्म म्हणतात. काही रेणू एकमेकांत अडकून पॉलिमर होतात. दोन्ही प्रकार थ्रॉम्बिनला रोखत नाहीत. पण लेटंट झालेला रेणू साध्या रिड्यूसिंग जेलवर अगदी चांगल्यासारखाच एका पट्ट्यात दिसतो, २८० ला पण तेवढाच वाचतो. म्हणजे शुद्धता ९५ टक्के आणि ॲक्टिव्हिटी निम्मी, असं होऊ शकतं. पुढचा टप्पा नेमका याचसाठी आहे.

## टप्पा ५: सक्रिय किती आहे ते टायट्रेट करा

हा टप्पा सर्रास वगळला जातो. वगळू नका. प्रत्येक नव्या लॉटला एकदा, आणि साठवून काही महिने झाले की परत एकदा.

कल्पना सोपी आहे. अँटिथ्रॉम्बिनचा एक रेणू थ्रॉम्बिनचा एक रेणू खातो. थ्रॉम्बिन किती सक्रिय आहे हे पक्कं माहीत असेल तर त्याला पूर्ण संपवायला किती अँटिथ्रॉम्बिन लागलं यावरून आपल्या स्टॉकमधला सक्रिय भाग निघतो.

इथे अट एकच, थ्रॉम्बिनचा आकडा खरा हवा. ॲक्टिव्ह साइट टायट्रेट केलेलं थ्रॉम्बिन घ्या, किंवा पॅरा-नायट्रोफेनिल-पॅरा-ग्वानिडिनोबेंझोएट वापरून स्वतः टायट्रेट करा. नुसत्या एनआयएच युनिटवरून (थ्रॉम्बिनची ॲक्टिव्हिटी मोजायचं प्रमाण एकक) मोलर काढलेलं अंदाजे असतं. चांगल्या अल्फा थ्रॉम्बिनमध्ये मिलिग्रॅमला ३००० युनिटच्या आसपास असतात, म्हणून १ युनिट प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ९ ते १० नॅनोमोलर. प्रयोग आखायला हा हिशोब ठीक आहे, पण टायट्रेशनचा पाया म्हणून चालणार नाही.

करायचं असं:

१. आठ ट्यूब घ्या. प्रत्येकीत अँटिथ्रॉम्बिन घाला, लेबलच्या हिशोबाने अंतिम ०, २०, ४०, ६०, ८०, १००, १२० आणि २०० नॅनोमोलर होईल असं.

२. सगळ्यांत हेपरिन घाला, अंतिम ५० नॅनोमोलर. अनफ्रॅक्शनेटेड हेपरिनचं सरासरी वजन १५ किलोडाल्टन धरून चला.

३. शेवटी थ्रॉम्बिन घाला, अंतिम १०० नॅनोमोलर. एकूण ५० मायक्रोलिटर. झाकण लावून २५ अंशाला ३० मिनिटं.

४. प्रत्येकीतलं १० मायक्रोलिटर घेऊन ९० मायक्रोलिटर बफरमध्ये टाका, ज्यात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पॉलिब्रीन आहे. पॉलिब्रीन हेपरिनला बांधून टाकतं.

५. त्यातलं २० मायक्रोलिटर प्लेटमध्ये, वर १८० मायक्रोलिटर क्रोमोजेनिक सबस्ट्रेट (थ्रॉम्बिनने कापला की रंग देणारा पदार्थ) एस-२२३८, अंतिम १०० मायक्रोमोलर होईल असं. ४०५ नॅनोमीटरवर पाच ते दहा मिनिटं वाचत राहा आणि सरळ भागाचा उतार घ्या.

आता ग्राफ. आडव्या अक्षावर लेबलप्रमाणे अँटिथ्रॉम्बिन, उभ्यावर उरलेली ॲक्टिव्हिटी. सुरुवातीचे बिंदू एका सरळ रेषेत खाली येतात. ती रेष आडव्या अक्षाला जिथे टेकते तो आकडा वाचा. समजा रेष १४० नॅनोमोलरला टेकली. थ्रॉम्बिन १०० होतं, म्हणजे तुमच्या स्टॉकपैकी १०० भागिले १४०, ७१ टक्के सक्रिय. इथून पुढे या लॉटचा प्रत्येक आकडा ०.७१ ने गुणायचा. वहीत पहिल्या पानावर लिहा आणि एलिकोटच्या डब्यावर पण लिहा.

हेपरिन कशाला, असा प्रश्न पडतो. हेपरिनशिवाय ही जोडी सावकाश चालते, आणि दोघं बरोबरीला आले की शेवटचे थोडे रेणू एकमेकांना सापडायला तासन् तास लागतात. ३० मिनिटांत थांबवलंत तर रिॲक्शन अर्धवट असते, रेष शेवटाकडे वाकते, आणि चांगलं प्रोटीन तुम्हाला कमी सक्रिय वाटतं. हेपरिन न घालता केलेलं टायट्रेशन घेऊन "हा लॉट ४० टक्केच आहे" म्हणणारे असतात, त्यांनी आधी ६० मिनिटांची दुसरी मालिका लावून बघावी. ३० आणि ६० मिनिटांच्या रेषा एकमेकींवर बसल्या तरच रिॲक्शन पूर्ण झाली असं समजायचं.

लक्ष द्या: मीठ कमी असलेल्या बफरमध्ये, हेपरिन असताना, अँटिथ्रॉम्बिनचे काही रेणू थ्रॉम्बिनला न अडकवता नुसतेच कापले जातात. मग एका थ्रॉम्बिनला एकापेक्षा जास्त रेणू लागतात आणि परत टक्केवारी कमी दिसते. म्हणून आयनिक स्ट्रेंग्थ ०.१५ ठेवा असं वर सांगितलं.

तपासणी: बीएसए नसलेल्या बफरमध्ये १ मायक्रोमोलर अँटिथ्रॉम्बिन आणि ०.५ मायक्रोमोलर थ्रॉम्बिन थोड्या हेपरिनसोबत मिसळून जेल चालवा. ५८ च्या जवळ उरलेलं अँटिथ्रॉम्बिन आणि ९० किलोडाल्टनच्या आसपास नवीन पट्टा दिसायला हवा. हा कॉम्प्लेक्स एसडीएसमध्ये उकळूनही सुटत नाही, कारण बंध कोव्हॅलंट असतो. मोकळं थ्रॉम्बिन बरंच उरलेलं दिसलं तर अँटिथ्रॉम्बिन मेलेलं आहे. रिड्यूसिंग जेलवर ५८ च्या जरा खाली कापलेल्याचा पट्टा जाड दिसला तर वरची मिठाची गोष्ट, नाहीतर दुसरं एखादं प्रोटीएज आत शिरलंय.

## टप्पा ६: हेपरिनशिवायचा रेट आधी काढा

हेपरिनचा प्रयोग आकर्षक असतो म्हणून सगळे तिकडेच धावतात, पण बेसलाइन नसेल तर किती पट वाढ झाली हे कशाच्या तुलनेत सांगणार? आधी हा रेट.

५ नॅनोमोलर थ्रॉम्बिन, २०० नॅनोमोलर सक्रिय अँटिथ्रॉम्बिन. अँटिथ्रॉम्बिन निदान दहापट जास्त हवंच, म्हणजे प्रयोगभर ते जवळपास तेवढंच राहतं आणि गणित सरळ एक्स्पोनेन्शियल होतं. हेपरिनशिवाय ज्ञात रेट कॉन्स्टंट २५ अंशाला साधारण ७,००० ते १०,००० प्रति मोलर प्रति सेकंद आहे, म्हणजे इथे निम्मं थ्रॉम्बिन जायला ६ ते ८ मिनिटं लागतील. वेळेचे बिंदू त्यानुसार घ्या: ०, १, २, ४, ६, ८, १० आणि १५ मिनिटं.

युक्ती अशी की उलटं चालायचं. प्लेटच्या आठ वेलमध्ये ४०० नॅनोमोलर अँटिथ्रॉम्बिन १० मायक्रोलिटर घालून ठेवा. १५ मिनिटांच्या वेलमध्ये आधी १० नॅनोमोलर थ्रॉम्बिन १० मायक्रोलिटर घाला, पाच मिनिटांनी १० च्या वेलमध्ये, असं करत शेवटी शून्याच्या वेलमध्ये. मग लगेच मल्टिचॅनलने सगळ्यांत एकाच वेळी १८० मायक्रोलिटर सबस्ट्रेट आणि पॉलिब्रीन. सगळ्यांची वाचणी एकत्र सुरू होते, आणि प्रत्येक बिंदूला वेगळी धावपळ करावी लागत नाही. सबस्ट्रेट आल्यावर अँटिथ्रॉम्बिन दहापट पातळ होतं आणि सबस्ट्रेट थ्रॉम्बिनची जागा धरून बसतं, त्यामुळे वाचतानाची इनहिबिशन नगण्य.

बाजूच्या ओळीत अँटिथ्रॉम्बिनऐवजी नुसतं बफर, बाकी सगळं तसंच, त्याच वेळा. ही ओळ सपाट राहिली पाहिजे. उतरत असेल तर थ्रॉम्बिन चिकटतंय किंवा मरतंय, आणि तुमचा पुढचा कोणताही आकडा खरा नाही. पेगकडे परत जा.

उरलेल्या ॲक्टिव्हिटीचा नॅचरल लॉग विरुद्ध वेळ असा ग्राफ काढा, उतार काढा, आणि सक्रिय अँटिथ्रॉम्बिनच्या मोलर कॉन्सन्ट्रेशनने भागा. उतार ०.००१६ प्रति सेकंद आला तर २०० नॅनोमोलरने भागून ८,००० प्रति मोलर प्रति सेकंद. बरोबर पट्ट्यात आहे. प्लेट रीडर उतार मिनिटात देतो हे विसरून ६० पट चुकलेले आकडे मी पुष्कळ बघितलेत, तेव्हा एककं लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

तपासणी: रेट अपेक्षेपेक्षा चांगलाच जास्त आला तर हेपरिनची घाण असू शकते. ही प्रोटीन्स हेपरिनच्या कॉलमवरच शुद्ध करतात, आणि लॅबमधल्या पिपेट, ट्रफ यांतूनही हेपरिन येतं. तोच प्रयोग इनक्युबेशनपासूनच पॉलिब्रीन घालून करा. पॉलिब्रीनने रेट खाली आला तर हेपरिन होतं.

## टप्पा ७: आता हेपरिन

हेपरिन दोन कामं करतं. त्यातला पाच साखरेचा एक खास तुकडा अँटिथ्रॉम्बिनला बसून त्याचा आकार बदलतो, याने फॅक्टर टेन-ए रोखण्याचा वेग साधारण ३०० पट वाढतो. थ्रॉम्बिनला मात्र तेवढ्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, त्याला लांब साखळी लागते, निदान १८ साखरांची, कारण थ्रॉम्बिन आणि अँटिथ्रॉम्बिन दोघांना एकाच साखळीवर बसावं लागतं.

यातूनच दोन मोठ्या चुका निघतात.

पहिली, फॉन्डापॅरिनक्स घेऊन थ्रॉम्बिनचा ॲसे करणं. फॉन्डापॅरिनक्स म्हणजे तोच पाच साखरांचा तुकडा. थ्रॉम्बिनवर परिणाम दिसला नाही तर त्यात प्रोटीनचा काहीही दोष नाही, तसंच व्हायला हवं. फॉन्डापॅरिनक्स वापरायचं तर फॅक्टर टेन-ए घ्या आणि सबस्ट्रेट पण त्याचं, एस-२२२२ किंवा एस-२७६५.

दुसरी, हेपरिन जास्त म्हणजे परिणाम जास्त असं समजणं. थ्रॉम्बिनसाठी हेपरिन वाढवत नेलं की वेग आधी चढतो, एका ठिकाणी टोक गाठतो आणि मग उतरतो. एका बाकावर दोघांनी शेजारी बसायचंय, आणि बाकं फार झाली तर दोघं वेगवेगळ्या बाकांवर जाऊन बसतात. फक्त एकच जास्तीचा डोस घेतलात आणि तो नेमका उतरणीवर पडला, तर हेपरिन बरोबर काम करत नाही असा उलटा निष्कर्ष निघतो. निदान आठ डोस घ्या, मोठ्या पल्ल्यात, ०.१ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत, दहापटीच्या पायऱ्यांनी, आणि टोकाजवळ अजून दोनतीन.

क्रम पण ठरलेला: अँटिथ्रॉम्बिन आणि हेपरिन आधी एकत्र, दोन मिनिटं, आणि थ्रॉम्बिन सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर सुरुवातीचे सेकंद सगळे गडबडीचे जातात.

वेग इथे हाताबाहेर जाऊ शकतो. टोकाच्या जवळ रिॲक्शन सेकंदात संपते, पिपेटने पकडता येत नाही, तिथे स्टॉप्ड-फ्लो (क्षणात मिसळून लगेच मोजणारं यंत्र) लागतो. हाताने करायचं असेल तर ५ नॅनोमोलर थ्रॉम्बिन, २०० नॅनोमोलर अँटिथ्रॉम्बिन आणि १ नॅनोमोलर हेपरिनपासून सुरू करा, निम्मं व्हायला मिनिट-दीड मिनिटाच्या आसपास लागायला हवं. अनफ्रॅक्शनेटेड हेपरिनच्या साधारण एक तृतीयांश साखळ्यांतच तो खास तुकडा असतो, म्हणून एकूण हेपरिन म्हणजे कामाचं हेपरिन नव्हे, अहवालात कोणतं धरलं ते स्पष्ट लिहा. आणि मिळालेल्या रेटमधून हेपरिनशिवायचा रेट वजा करायचा.

तपासणी, फ्लुओरोमीटर असेल तर: २८० ला एक्साइट करून ३४० ला वाचा. चांगल्या अँटिथ्रॉम्बिनमध्ये हेपरिन बसलं की चमक ३० ते ४० टक्के वाढते. १० टक्केच वाढली तर बराचसा माल लेटंट किंवा कापलेला आहे. टायट्रेशनच्या आकड्याशी हे जुळवून बघा, दोन्हीकडून तेच दिसलं की खात्री. असा लॉट टाकायचा नसेल तर हेपरिन सेफरोजवर (हेपरिन जोडलेल्या मण्यांच्या कॉलमवर) परत चालवता येतो. चांगलं प्रोटीन १ मोलरच्या आसपासच्या मिठाला सुटतं, बिघडलेलं त्याच्या बरंच आधी.

## प्लाझ्मा किंवा पेशींवर वापरणार असाल तर

माणसाच्या प्लाझ्मात स्वतःचं अँटिथ्रॉम्बिन १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या जवळपास असतं, म्हणजे २.५ मायक्रोमोलर. त्यात तुम्ही १०० नॅनोमोलर घातलंत तर काहीच दिसणार नाही, आणि दिसलं तर त्याचं कारण दुसरं असेल. अँटिथ्रॉम्बिन काढून टाकलेला प्लाझ्मा घ्या. रक्त हेपरिनच्या ट्यूबमध्ये गोळा केलेलं नाही ना ते बघा, सायट्रेट हवं.

पेशींवर टाकताना एंडोटॉक्सिनचा (बॅक्टेरियातून येणारा, पेशींना चेतवणारा पदार्थ) आकडा पाहिजेच, विशेषतः एंडोथेलियल किंवा मोनोसाइट पेशी असतील तर, नाहीतर जो परिणाम दिसतो तो एंडोटॉक्सिनचा निघतो. स्टॉकच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर ते आधी काढा. सीरम असलेल्या माध्यमात गायीचं अँटिथ्रॉम्बिन आधीच असतं, तेव्हा सीरमशिवाय किंवा उष्णतेने निष्क्रिय केलेल्या अँटिथ्रॉम्बिनचा कंट्रोल सोबत ठेवून काम करा. नुसतं बफर हा कंट्रोल पुरत नाही, तेवढंच प्रोटीन पण निकामी केलेलं, असा हवा.

## आकडे बिघडले तर कुठून बघायचं

थ्रॉम्बिनची एकटी ओळ उतरतेय: पेग, ट्यूब, प्लेट, थ्रॉम्बिनचा जुना एलिकोट, याच क्रमाने.

लॉगचा ग्राफ सरळ न येता वाकतोय: अँटिथ्रॉम्बिन दहापट नाही, किंवा सबस्ट्रेट संपतोय. शून्य वेळेच्या वेलमध्ये ४०५ चा उतार शेवटपर्यंत सरळ आहे का बघा.

शेवटी थोडी ॲक्टिव्हिटी उरतेच, शून्यावर जात नाही: आधी सबस्ट्रेटचा एकट्याचा ब्लँक वजा केला का ते बघा, मग अँटिथ्रॉम्बिन आणि सबस्ट्रेट, थ्रॉम्बिन नाही, असा वेल. त्यात रंग येत असेल तर प्रोटीनच्या नमुन्यात प्रोटीएज आहे.

दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत: एलिकोट एकाच लॉटचे का, खोलीचं तापमान किती, आणि टायट्रेशनचा गुणक दोन्ही दिवशी लावला का. यातलं तिसरं सगळ्यात आधी विचारा.

हेपरिनचा परिणाम लॉट बदलल्यावर बदलला: अँटिथ्रॉम्बिनच्या आधी हेपरिनचा लॉट तपासा. हेपरिन हे वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचं मिश्रण आहे, लॉटनुसार सरासरी वजन बदलतं, आणि मिलिग्रॅमवरून काढलेलं नॅनोमोलर त्यासोबत बदलतं. एका अभ्यासासाठी एकाच लॉटचं हेपरिन पुरेल इतकं आधीच वेगळं काढून ठेवा.